दोह्याचा आरसा, कळंबोलीचा तवा

हे मी सांगणारच नव्हतो. गोष्ट माझ्या फजितीची आहे, आणि थोडी माझ्या मित्राच्याही. पण आता सगळं नीट झालंय, मग लपवायचं कशाला?

तर मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. तुमच्या घरातल्यासारखा गोल नाही. पलंगाएवढा लांब, बोटभर जाड. पनवेलच्या एका जपानी हॉटेलात मी सात वर्षं तापतोय. हॉटेलचं खरं नाव कोणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून रिक्षावाले 'जपानी तवा'च म्हणतात. म्हणजे बोर्डावर नसलो तरी नाव माझंच आहे.

पण मी जपानचा नाही, कळंबोलीचा. लोखंड बाजारातल्या एका जाड प्लेटचा मी तुकडा. काशिराम नावाच्या फॅब्रिकेटरने मला गॅसने कापलं, कडा घासल्या, खाली पाय जोडले. टेम्पोत चढवताना तो हॉटेलच्या मालकाला, प्रणितला, म्हणाला, "शेठ, हे साधं लोखंड आहे. स्टील नाही. तसं सांभाळा." प्रणित फोनवर बोलत होता. त्याने मान हलवली. तिथेच ते वाक्य संपलं.

हॉटेल चालू झालं २०१२ ला. बुफे होता. लोक वाडग्यात कोळंबी, चिकन, नूडल्स, कोबी असं काय काय कच्चं भरून आणायचे आणि माझ्याभोवती बसायचे. पलीकडे उभा असायचा मुनाफ. दोन उलथनी ठकाठक वाजवायचा, अंडं हवेत उडवून उलथन्यावर झेलायचा. पोरं टाळ्या वाजवायची.

मुनाफ उरणचा. सात वर्षं कतारला, दोह्याच्या हॉटेलात हेच काम करून आला होता. एकदा सुट्टीत घरी आला तर त्याची छोटी अलिना त्याला बघून दाराआड लपली. म्हणाली, "अम्मी, कोण आलंय?" तेव्हाच त्याने ठरवलं, आता परत जायचं नाही.

त्याने माझी काळजी किती घेतली म्हणून सांगू. रोज काम झालं की लिंबू, साबण, तारेची घासणी. तासभर घासायचा. दोह्यातले तवे असेच चकचकीत असायचे, त्यांच्यावर वेगळा मुलामा असतो. मी पडलो साधं लोखंड. माझ्या अंगावर तेलाचा थर धरायला लागला की त्या घासणीने तो थर निघून जायचा. मग अंडं चिकटायचं. नूडल्सचे तुकडे व्हायचे. कोळंबी उचलली की निम्मी माझ्याकडेच राहायची. आणि जितकं चिकटायचं, तितका तो मला जास्त घासायचा. माझा जीव त्याच्या मायेनेच चालला होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

लोक कमी यायला लागले. एका बुधवारी प्रणित येऊन म्हणाला, "मुनाफभाई, रविवारी माझ्या घरचे जेवायला येतायत. माझ्या बहिणीचा, दीपिकाचा, नर्सिंगचा रिझल्ट लागलाय. त्यांच्यासमोर पण असंच झालं, तर सोमवारी हा तवा भंगारात जाईल. आणि तुम्ही पण दुसरं काम बघा."

दोह्याला माणसं पाठवणाऱ्या एजंटचा फोन बरेच दिवस येत होता, तो मुनाफने त्या संध्याकाळी पहिल्यांदा उचलला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बॅगेत पासपोर्ट दिसायला लागला.

रविवारी सकाळी त्याने मला दोनदा घासलं. माझ्यात तोंड दिसत होतं.

दुपारी वीस माणसं आली. पहिलंच अंडं चिकटलं. मुनाफने उलथनं घातलं, तर अंड्याच्या चिंध्या झाल्या. उलथन्यांचा ताल थांबला. प्रणितचे काका कमळाकर वाकून बघत म्हणाले, "ही जपानी खरवड हाय का रं?"

सगळे हसले. प्रणित हसला नाही. त्याने फोन काढून भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं.

तेवढ्यात त्याची आत्या उठली. चंद्रावती. साठीची बाई, जन्मभर तांदळाच्या भाकऱ्या भाजलेली. काउंटरला वळसा घालून ती सरळ आत आली आणि माझ्या थंड कडेवर बोट फिरवलं.

"कोनी घासला ह्याला?"

"मीच, आत्या," मुनाफ म्हणाला. "रोज घासतो. दोह्यात आरशासारखा ठेवायचो."

"आरसा पायजे तर भिंतीला लाव. तुजी आई भाकरीचा तवा साबनानं धुते?"

"नाय."

"मग?"

मुनाफ माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हा पण तवाच आहे, हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"येनार कसं? जपानी नाव ठेवलंय ना." आत्याने पदर खोचला. "कांदा आन. अर्धा काप. आनि तुमी सगले तवर आइसक्रीम खा, उलटं जेवलात तर मरनार नाय."

गॅस मोठा झाला. अर्धा कांदा उलथन्याच्या टोकाला खोचून, तेलात बुडवून मुनाफ मला चोळत राहिला. धूर निघाला की थांबायचं, परत चोळायचं. पाच वेळा. मी आधी पिवळा झालो, मग तपकिरी, मग काळपट. खरं सांगतो, थंडीत कोणी गोधडी घालावी तसं वाटलं.

मग आत्या म्हणाली, "टाक अंडं."

अंडं पडलं, कडा फुलल्या. मुनाफने उलथनं नुसतं टेकवलं, आणि अंडं अलगद घसरून त्यावर आलं. त्याने ते उडवलं, झेललं. डोळे पुसले ते धुरामुळे, असं म्हणाला.

प्रणितने भंगारवाल्याला परत फोन केला. "नको येऊस." मग मुनाफजवळ येऊन म्हणाला, "सॉरी, भाई. मला काशिरामने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." सोमवारी मुनाफच्या बॅगेत पासपोर्ट नव्हता, डबा होता.

आता मी काळाकुट्ट आहे. एखादं गिऱ्हाईक नाक मुरडतं, "धूत नाही का हो?" मुनाफ फक्त हसतो. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी काळा तवा असेल, तर त्याला उगाच उजळवू नका. माया करताना ज्याच्यावर करताय तो कशाचा बनलाय, तेवढं आधी विचारा.

अलिना आता मोठी झालीय. रविवारी येते, स्टुलावर उभी राहते आणि बापाचं उलथनं मागते. मुनाफ घाबरतो, म्हणतो, "चिकटेल गं, हसतील सगळे."

नाही हसणार, मुनाफ. तू रोज कांदा फिरवायचं विसरू नकोस. तुझ्या पोरीचं पहिलं अंडं मी धरून ठेवणार नाही. शब्द देतो.