शोहीन या शब्दाचं वाक्य

शब्दकोशासाठी शब्द गोळा करणारा कोल्मान पुन्हा दारात दिसला तेव्हा नाब्लाने कपाळाला हात लावला. “आता काय राहिलंय रे बाबा? आमचे सगळे शब्द तर पोत्यात भरून नेलेस!”

“एकच राहिलाय, मावशी. शोहीन.”

नाब्लाने हातातला चहा खाली ठेवला. चाळीस वर्षांत हा शब्द या घरात कुणी काढला नव्हता. बाळाला जोजवताना आईच्या ओठांतून शो-शो निघतं, त्याचंच हे लाडकं रूप, म्हणजे अंगाई. तिचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. अशा बाळांना चर्चच्या आवारात जागा नाही. रिवाजाप्रमाणे बापाने, बार्टलीने, त्याला अंधारात एकट्याने नेऊन पुरलं आणि रिवाजाप्रमाणेच बायकोला जागा सांगितली नाही. आई तिथेच जाऊन बसते, संसारावरून तिचं मन उडतं म्हणे. म्हणे! तिने विचारलं की तो उठून बाहेर जायचा. गेल्या हिवाळ्यात तोही तोंड मिटून गेला.

आणि वारा सुटला की तिला ऐकू यायचं, कुणीतरी बाळाला जोजवतंय. कोण ही मेली? माझ्या बाळाला जोजवणारी ही कोण? अंगावर काटा यायचा, पण भीतीपेक्षा मत्सरच जास्त वाटायचा.

“बाळाच्या अंगाईचा अर्थ आहे माझ्याकडे,” कोल्मान म्हणाला. “पण गवतातल्या वाऱ्याच्या सळसळीलाही शोहीन म्हणतात, असं बार्टलीकाकांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. छापण्याआधी खात्री करायची आहे.” त्याने चिठ्ठी वाचली, “‘हद्दीच्या भिंतीशी पांढऱ्या दगडामागे वाळलेलं गवत आहे, त्याची शोहीन. पोराला तेवढीच.’ हे शेवटचं काही कळलं नाही बुवा. असं म्हणतात का?”

“परत वाच,” नाब्ला म्हणाली.

त्याने परत वाचलं. तिने खुंटीवरची शाल ओढली आणि चालू लागली. कोल्मान चिठ्ठी घेऊन मागोमाग धावला.

पांढरा दगड! किनाऱ्यावरून खतासाठी समुद्राचं शेवाळ आणताना ती रोज याच दगडावर टोपली टेकवून दम खायची. चाळीस वर्षं. बार्टली बघायचा आणि काही बोलायचा नाही.

वारा पडला होता. गवत गप्प होतं. नाब्ला गुडघ्यांवर बसली, जमिनीवर हात ठेवला आणि फाटक्या आवाजात म्हणू लागली, “शो... शो... शोहीन...”

कोल्मानने टोपी काढली. बऱ्याच वेळाने त्याने चाचरत विचारलं, “मावशी, मग... वाक्य ठेवू?”

“ठेव,” मान न वळवता ती म्हणाली. “फक्त ते ‘तेवढीच’ खोड.”