राखीचं हत्यार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राखी माहेराहून, म्हणजे रिठदहून, केनवडला सासरी परत आली, आणि पायातली चप्पल काढायच्या आतच तिला कळलं की घरातलं नेट बंद पडलं आहे. बातमी दिली ती सासऱ्यांनी. चंपतराव ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. सून फाटकातून आत येताना दिसली तसा त्यांनी विळा बाजूला ठेवला. एवढी आनंदाची गोष्ट हातातलं काम करता करता सांगून टाकणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"तुह्यं ते डबडं मेलं," ते म्हणाले. "लाल दिवा लागला त्याचा. आता चाल सोयाबीन सोंगाले."

डबडं म्हणजे मोडेम. मधल्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर बसवलेली पांढरी पेटी. तिच्यात शिरणाऱ्या वायरीवर राखीची नोकरी चालायची. दवाखान्यातून ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसांना कॉम्प्युटरवरून फोन लावायचे, गोळ्या घेतल्या का, टाक्यांतून पाणी येतं का, ताप आहे का, हे विचारायचं आणि लिहून ठेवायचं, असं ते काम. कंपनी पुण्याची होती आणि पेशंट सगळे इकडचे. पुण्याच्या पोरींनी गोड आवाजात विचारलं की इकडची म्हातारी माणसं सगळ्यालाच "हो हो" म्हणून फोन ठेवायची. राखीनं "काय वो माय, गोळी खाल्ली का खोटं बोलून राह्यली?" असं विचारलं की खरं काय ते बाहेर यायचं. सहा महिन्यांत तिचं नाव कंपनीत झालं होतं.

पण कंपनीचा एक नियम होता. तीन महिन्यांत दोनदा कामाची पाळी बुडाली की नाव कमी. श्रावणात वाऱ्यानं खांबावरची वायर तुटली तेव्हा एक पाळी गेली होती. आजची दुपारी दोनची होती, आणि ती गेली तर सगळंच गेलं. घरातही एक नियम होता, तो चंपतरावांचा. नोकरी चालेल तोवर चालेल, ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवसापासून सून विळा घेऊन शेतात कापणीला, आणि मग पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. नवरा भागवत यावर काही बोलला नव्हता. बापापुढं मूग गिळून बसायची त्याची जुनी सवय, आणि आज तर तो मळणीयंत्राच्या मागं पहाटेच शेतात गेला होता.

गंमत अशी की चंपतरावांना नेट बंद असल्याचं कळलं ते त्यांच्या मोबाईलवर कुस्त्या लागल्या नाहीत म्हणून. सहा महिने डबड्याला शिव्या घालत त्याच डबड्यावर ते रोज सकाळी दोन तास पैलवान पाहायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

राखीनं पिशवी खाली टाकली आणि थेट मधल्या खोलीत गेली. सवा अकरा वाजले होते. तिनं मोडेम बंद केला, शंभर आकडे मोजले, चालू केला. लाल दिवा. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. लाल दिवा. मोबाईलच्या नेटवर कॉम्प्युटर जोडून पाहिला, पण त्या खोलीत रेंजची एक काडी दिसायची तीही लाजत, आणि कंपनीचं पान अर्धं उघडून तसंच राहायचं. सासूबाई, सीताबाई, दारात उभ्या होत्या. एरवी सून माहेराहून आली की त्या रिठदच्या झाडून सगळ्यांची खुशाली विचारायच्या. आज पाण्याचा तांब्या हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या आणि तांब्या द्यायचंही विसरल्या.

राखीनं गच्चीवर, टाकीपाशी जाऊन मदतीचा नंबर लावला. पलीकडच्या बाईनं मधाळ आवाजात तिला मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं. केलं, राखी म्हणाली. बाईनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मग तक्रार नोंदवली आहे, बहात्तर तासांत माणूस येईल असं म्हणाली. राखीचं डोकं फिरलं, पण ती भांडली नाही. ती रोज हेच काम करत होती. समोरची बाई कागद पाहून वाचते आहे हे तिला आवाजावरूनच कळलं.

"ताई, मीबी फोनवर बसतो," ती म्हणाली. "कागद बाजूले ठेवा अन् तुमाले जे ठाऊक हाय ते सांगा. दोन वाजता माही नोकरी जाऊन राह्यली."

 मग ती बाई वेगळ्याच, साध्या आवाजात बोलू लागली. लाल दिवा म्हणजे वायरीतून येणारा उजेड मोडेमपर्यंत पोचत नाही, ती म्हणाली. एकतर वायर कुठंतरी मोडली किंवा दाबली गेली आहे, नाहीतर जिथं ती मोडेममध्ये शिरते तिथं घाण बसली आहे. त्या टोकाला केसाएवढी काच असते, धुळीचा कणही तिला पुरतो. टोक डोळ्यासमोर धरून बघू नका, एवढं बजावून तिनं फोन ठेवला.

मग राखीनं हरीओमला लावला. हरीओम म्हणजे गावात ही वायर ओढणारा माणूस. तो वाशीमला होता आणि तिथूनच त्यानं रोगाचं निदान केलं. उंदरानं कुरतडली असंल, नवी वायर टाकावी लागंल, सोमवारी येतो. आज शुक्रवार होता. राखीनं त्याला विचारलं की वायर न पाहता उंदीर कसा दिसला. त्यावर हरीओमचा आवाज एकदम तुटायला लागला, वाशीमला रेंजचा फार त्रास आहे म्हणे.

"सोमवारी येते म्हन्ते का?" चंपतराव खालून म्हणाले. त्यांचे कान या वयातही खणखणीत होते. "तवरक दोन एकर होईन सोंगून."

राखीला खरंच राग आला तो इथं. सासऱ्यांचा नाही, त्या आनंदाचा. सहा महिने तिनं पहाटे चारला उठून घरचं सगळं आवरलं होतं, सासऱ्यांना रोज साखरेच्या आजाराची सुई टोचून मग कामाला बसली होती, एकदाही स्वयंपाकाला उशीर केला नव्हता, आणि हा माणूस एका लाल दिव्याची वाट पाहत बसला होता. तिनं पदर कमरेला खोचला आणि शिडी ओढत अंगणात आणली.

वायर कोपऱ्यावरच्या खांबावरून निघून कडुनिंबाच्या फांदीतून गोठ्याच्या टिनांवर यायची आणि तिथून खिडकीत. राखी टिनांवर चढली. भरदुपारी, गल्लीच्या साक्षीनं. समोरच्या घरातल्या गोमतीबाई निवडायला घेतलेलं सूप तसंच धरून बघत राहिल्या.

"खाली उतर," चंपतराव म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या मामाजी. तिकीट नाई लावलं."

तिनं वायर बोटांत धरून हात हात सरकवत पाहिली. फांदीपाशी पाहिली, टिनाच्या कडेशी पाहिली, खिळ्यांपाशी पाहिली. टिन तापले होते, तळवे भाजत होते. वायर कुठं दबलेली नव्हती, कुठं सोललेली नव्हती. हरीओमचा उंदीर केवळ त्याच्या डोक्यात होता. ती उतरली तेव्हा एक वाजून गेला होता आणि तिच्यापाशी आता एकच जागा उरली होती.

ती मोडेमसमोर बसली. मागं वळवायला हात घातला तेव्हा तिच्या लक्षात आलं की पेटी रोजच्यासारखी ठेवलेली नाही, तिचं तोंड भिंतीकडं थोडं वळलं आहे. आणि ती स्वच्छ होती. नको तितकी स्वच्छ. सहा महिन्यांची धूळ कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. राखीनं मागं लागलेलं वायरीचं हिरवं टोक चिमटीत धरून बाहेर ओढलं. बोट बाजूला घेतलं तर बोटावर लाल डाग होता.

कुंकू होतं ते. ओलं लावलेलं आणि वाळून बसलेलं.

राखीनं दाराकडं पाहिलं. सीताबाई अजून तिथंच उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. राखीला सगळं कळायला मग वेळ लागला नाही. काल दसरा. घरात हत्यारांची पूजा. विळे, कुऱ्हाड, वखर, ट्रॅक्टर, सगळी ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू, पाण्याचं शिंपण, झेंडूचं फूल, सोनं. त्या ओळीत हेही बसलं होतं.

"काय सापडलं?" चंपतराव सीताबाईंच्या मागं येऊन उभे राहिले.

राखीनं बोट मुठीत लपवलं. "काही नाई. धूळ हाय."

आणि तेवढ्यावर ते मिटलंही असतं. पण सीताबाई आत आल्या, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत अशा उभ्या राहिलेल्या त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"धूळ नाई ते," त्या म्हणाल्या. "माह्यं कुंकू हाय."

"म्या नाई म्हनलं होतं तुले काल. ओळीतून काढून ठेवलं होतं ते."

"म्हनलं होतं. म्या आयकलं नाई." त्यांनी फळीवरच्या पेटीकडं हात केला. "तुमी सोनं वाटाले गेले अन् म्या पुन्हा मांडलं. घरात जे राबते त्याची पूजा होते. तुमची कुऱ्हाड दोन साल झाले कोनं उचलली नाई, तिले फूल वाहता. हे रोज राबते, त्याले काहून नाई?"

 सीताबाईंनी मग सुनेकडं पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वायर निघून हातात आली, त्या सांगू लागल्या, भोकातही देवाचं असावं म्हणून तिथंही बोट टेकवलं, आणि पुन्हा लावली तर लाल दिवा. मग घाबरून वरचं सगळं पुसून टाकलं. सकाळपासून सांगू सांगू म्हणत होत्या, जीभ उचलत नव्हती. आपल्या हातानं सुनेची नोकरी घालवली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं.

राखीला हसावं की रडावं कळेना. या घरात आपल्या कामाला कुणीच काम म्हणत नाही असं धरून ती सहा महिने दात आवळून जगत होती, आणि इथं तर त्याला कुऱ्हाडीच्या शेजारी मांडून फूल वाहिलं गेलं होतं, तेही नवऱ्याचं न ऐकता.  पण घड्याळात एक पंचवीस झाले होते आणि रडायला ती वेळ नव्हती.

"आई, स्पिरिट पाह्यजे," ती म्हणाली.

सीताबाई तडक गेल्या आणि चंपतरावांची सुयांची डबी घेऊन आल्या. सुई टोचायच्या आधी दंडावर फिरवायच्या ओल्या पट्ट्या त्यात असायच्या. त्यांनी नवऱ्याला विचारलंही नाही. राखीनं पट्टी फोडली, वायरीचं टोक हलक्या हातानं पुसलं, पट्टीवर गुलाबी रेघ उमटली. पुन्हा पुसलं, वाळू दिलं, लावलं, मोडेम चालू केला. तिघंही बघत राहिले. हिरवा, हिरवा, आणि मग लाल.

"झालं," चंपतराव म्हणाले. "आता तरी समजा. मेलं ते."

"नाई मेलं," राखी म्हणाली. तिनं वायर परत काढली. घाण वायरीला होती तशी भोकातही असणार, कारण बोट तिथंही टेकवलं होतं. तिनं कान साफ करायची कापसाची काडी घेतली, पट्टी पिळून तिच्यावर स्पिरिट घेतलं आणि भोकात फिरवली. काडी लाल झाली. दुसरी घेतली, ती गुलाबी झाली. तिसरी, चौथी. पाचवी पांढरी निघाली. एक पन्नास झाले होते. तिनं टोक आत सरकवलं, टक् आवाज येईपर्यंत दाबलं आणि मोडेम सुरू केला. दिव्याकडं बघायची हिंमत होईना म्हणून ती भिंतीकडं बघत बसली.

आधी वाजला तो चंपतरावांच्या सदऱ्याचा खिसा. टिंग. मग टिंग टिंग टिंग, कालपासून अडकून पडलेले सगळ्या सोयऱ्यांचे दसऱ्याचे निरोप एकामागून एक येऊ लागले. चंपतरावांनी खिशावर हात दाबला, तरी ते वाजतच राहिले. मोडेमवर हिरवा दिवा लागला होता.

सीताबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि नवऱ्याच्या देखत मोडेमच्या पांढऱ्या पाठीवर ठसठशीत बोट ओढलं.

"वरच लावा आई," राखी म्हणाली. "भोकात नका लावू."

"आता समजलं मले." त्या ओट्यावर गेल्या, धार लावलेला विळा उचलला आणि चंपतरावांपुढं उभ्या राहिल्या. "चला, सोंगाले मी येतो. तिचं हत्यार तिच्यापाशी, माह्यं माह्यापाशी."

चंपतरावांनी पायात वहाणा सरकवल्या. मग दुसरा विळा घेऊन बायकोच्या मागं फाटकाबाहेर पडले. खिसा अजून अधूनमधून टिंगत होता.

दोनला दोन मिनिटं कमी असताना राखीनं कानाला हेडफोन लावला. यादीतलं पहिलं नाव रामीबाई, वय सत्तर, पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन. तिकडून म्हातारीनं फोन उचलला आणि आधीच विचारलं, दवाखान्यातून बोलून राह्यली का बाई?

"नाई वो माय," राखी म्हणाली. "केनवडहून. माह्या घरून बोलून राह्यली."