बुधवारची सही

हवालदार कोट्रप्पा हडिमनीचं नोकरीवरून मन उडालं होतं, आणि ते काही एका दिवसात उडालं नव्हतं. सत्तावीस वर्षं बंदोबस्त, मोर्चे, नवरा-बायकोची भांडणं, विहिरीतून काढलेली प्रेतं. आताशा डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि समोर आवडीचं चुरमुऱ्यांचं गिरमिट ठेवलं तरी तोंडाला चव नव्हती. मागच्या महिन्यात हुबळीहून एक डॉक्टरीणबाई आल्या आणि ठाण्यातल्या सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "आपल्या कामाचा आज कुणाला उपयोग झाला, ते रोज एक ओळ लिहा. मनाला उभारी येते." बाकीच्यांनी काहीबाही खरडून दिलं. कोट्रप्पाने कोरा कागद परत केला. खोटंच लिहायचं, तर त्याला रोजच्या नऊ वह्या होत्याच.

त्या नऊ वह्या त्याच्या गस्तीतल्या नऊ घरी खिळ्याला टांगलेल्या असत. रोज जायचं, घरातलं म्हातारं माणूस बरं आहे ना बघायचं, तारखेपुढे सही करायची. शुक्रवारी साहेब वह्या तपासायचे. पण गुडघा कुरकुरू लागला की हवालदार लोक पाट्या टाकतात, आजच्या सहीबरोबर उद्याचीही ठोकून मोकळे होतात. विणकर पेठेच्या चढावर, नीलव्वाच्या घरी, कोट्रप्पाने मंगळवारी तेच केलं. म्हातारी एकटी, मुलगा लांब सुरतेला मागावर. तिला अक्षर कुठे कळतंय, असं त्याला वाटलं.

खिशात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. शनिवारी साहेब त्यावर शिफारस लिहिणार होते. अट एकच, मागे कसली चौकशी लागलेली नको. चौकशी लागली की अर्ज परत.

गुरुवारी सकाळी दहाला तो धापा टाकत चढ चढला, तर शेजारीण शंक्रव्वा नळावर घागर भरत होती.

"काय हवालदार, काल येऊन गेलात म्हणे?"

"हं," तो म्हणाला.

"मग म्हातारी परसात पडली होती ती दिसली नाही? की डोळे ठाण्यातच काढून ठेवता?"

कोट्रप्पा तसाच आत गेला. नीलव्वा बाजेवर होती, पाय सुजून भोपळा झालेला.

"ये तम्मा, बस बाबा. हाड शाबूत आहे. शंक्रीच्या नवऱ्याने दवाखान्यात नेलं होतं."

"कधी पडलीस, अव्वा?"

"काल सकाळीच. तुझा चहा उंबऱ्यात झाकून ठेवला, परसात गेले आणि पाय घसरला. उठता येईना. म्हटलं, ओरडून घसा कशाला फोडू, दहाला हवालदार येईलच. दहा झाले, बारा झाले. ऊन अंगावर आलं. दिवेलागणीला शंक्री आली, तोवर चहाला मुंग्या लागल्या होत्या."

"आणि मी येऊन गेलो, हे तिला कुणी सांगितलं?"

"मीच. ती तुझ्या नावाने बोटं मोडायला लागली. म्हटलं, ही बघ सही. तो आला होता, मलाच हाक ऐकू आली नाही." मग नीलव्वा आवाज खाली करून म्हणाली, "मला वाचता येत नाही रे. पण मंगळवारी तू दोनदा गिरगटलंस, ते बघितलं होतं. त्याचा अर्थ काल रात्री बाजेवर पडल्या पडल्या उमगला. पण पोटापाण्याची नोकरी, ती कशाला घालवू तुझी?"

ज्या नोकरीतून सुटायला तो धडपडत होता, ती वाचवायला म्हातारी खोटं बोलली होती. कोट्रप्पाला लाज वाटली. साहेबांनी चारचौघांत झापलं तेव्हाही कधी इतकी वाटली नव्हती. एक माणूस दिवसभर उन्हात पडून फक्त त्याची वाट बघत होतं. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहायला हे होतं, पण कुठल्या तोंडाने लिहिणार?

त्याने वही खिळ्यावरून काढली. बुधवारच्या सहीवर आडवी रेघ मारली, पुढे लिहिलं, 'आलो नव्हतो. सही आदल्या दिवशी केली.' आणि खाली पुन्हा सही केली.

"काय लिहितोस रे?"

"काल आलो नव्हतो, असं."

"वेड लागलंय का? उद्या शुक्रवार. तुझा साहेब बघेल की."

"बघू दे. चौकशी लागेल. वर्षभर चालेल, नाहीतर दोन वर्षं." त्याने खिशातला अर्ज चाचपला. "तोवर नोकरी सोडता येणार नाही, इतकंच."

नीलव्वाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिला हवं तेवढंच तिने विचारलं.

"म्हणजे उद्या येशील?"

"येईन."

"दार नुसतं लोटलेलं असेल. चहा मात्र उद्या तुलाच करावा लागेल. मला उभं राहवत नाही."

गुडघा ठणकत होता, डोळ्यांत रात्रीचं जागरण चुरचुरत होतं. कोट्रप्पाने टोपी काढून वहीवर ठेवली आणि तो चुलीपाशी गेला.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. "साखर कुठे ठेवतेस?"