बागेच्या स्टेशनावरची सोबत

निवृत्तीनंतरचे काही महिने इसोगाई घरातच बसून राहिले. मग एका दुपारी काहीच सुचेना म्हणून ते फुजिगाओका स्टेशनावरून चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीत बसले आणि मोठ्या बागेच्या स्टेशनावर उतरले. तेव्हापासून रोज दुपारी तिथं जायचा त्यांचा परिपाठच पडला. लग्न झालेलं नव्हतं. आई होती तोवर तिचं दुखणंखुपणं, ती गेल्यावर नोकरी, आणि आता नोकरीही नाही. गाडीला चालक नसे, चाकांचा खडखडाट नसे. बोगद्यातून बाहेर पडली की घरांच्या छपरांवरून ती नुसती सरकत जाई, आणि पुढच्या काचेपाशी बसलं की कुणीतरी आपल्याला अलगद उचलून नेतंय असं इसोगाईंना वाटे.

एकदा गाडीत गर्दी होती. एक म्हातारी दांडीला धरून उभी होती आणि इसोगाईंच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती.

"बसा ना इथं," ते म्हणाले.

"राहू द्या हो," म्हातारी हसली. "तुमच्या मंडळींना कशाला उठवायचं?"

इसोगाईंनी शेजारी पाहिलं. नुसतं आसन होतं. म्हातारीची नजर अधू असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

पण त्याच आठवड्यात बागेच्या दाराशी टपरी चालवणाऱ्या माकिनोबाईंनी भाताच्या वड्या खोचलेल्या, मिसो ही सोयाबीनची गोडसर चटणी लावून निखाऱ्यावर भाजलेल्या दोन काड्या त्यांच्यापुढे धरल्या.

"मी एकच मागितली."

"अहो आजोबा, रोज एकच घेता! त्यांनी काय तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं? बायकोला उपाशी ठेवणारा नवरा पहिल्यांदाच बघतेय."

मला बायको नाही, असं इसोगाईंच्या ओठांवर आलं होतं. आपण चारचौघांसारखे घरसंसाराचे आहोत असं धरून इतक्या वर्षांत त्यांना कुणी दटावलं नव्हतं. त्यांनी दोन्ही काड्या घेतल्या.

त्यानंतर ते बाकावर थोडे सरकून बसू लागले. तळ्याकाठी माणसं नसली की हळू आवाजात बोलू लागले. आधी मेपलच्या पानांविषयी, मग आईच्या शेवटच्या दिवसांविषयी, जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आई लवकर सुटावी असं तेव्हा आपल्याला वाटलं होतं, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं. बाजूला मात्र ते कधी बघत नसत. न जाणो, बघितलं तर काहीच नसायचं. घरी परतल्यावर खोली पूर्वीसारखी अंगावर येत नसे, आणि आरशातला आपला चेहरा त्यांना जरासा भरल्यासारखा वाटे.

थंडी पडली. एके दिवशी माकिनोबाईंनी एकच काडी पुढे केली आणि त्यांच्या मागे वाकून पाहिलं.

"आज एकटेच? भांडलात वाटतं."

स्टेशनाचा जिना, फाटक, तळ्याकडची वाट, सगळीकडे इसोगाईंनी वळून वळून पाहिलं. आपण काय शोधतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी, आजवर टाळलेलं त्यांनी विचारून टाकलं.

"दिसायला कशी होती हो ती?"

माकिनोबाई हसल्या. मग त्यांचा चेहरा पाहून थांबल्या आणि निखाऱ्यांना वारा घालायचा पंखा खाली ठेवला.

"थट्टा करताय का? मला कसं दिसणार? त्यांचं तोंड सारखं तुमच्याकडे वळलेलं. अगदी कानाशी. तुम्ही बोलत असलात तरी त्यांचं आपलं बोलणं चालूच." त्या क्षणभर घुटमळल्या. "मला वाटायचं, तुम्हाला कमी ऐकू येतं. एवढं काय सांगत होत्या हो त्या?"