दुसऱ्या फेरीची बंदी
टेक्सासची मतदार असलेली शिवानी आखाती देशातल्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर धुमसत होती. मार्चमध्ये तिने इथूनच एका पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत दिलं होतं. दुसऱ्या पक्षात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नव्हती, म्हणून आता पहिल्या दोघांत पुन्हा लढत होती. त्यातल्या एकाला तिला काहीही करून पाडायचं होतं. पण मार्चमध्ये एका पक्षात मत दिलेल्याला दुसऱ्या पक्षाच्या फेरीत मत द्यायला बंदी होती.

"आणि मी?" सोफ्यावरून धाकट्या भावाने, प्रसन्नने विचारलं. त्याचंही मत टेक्सासचंच. मार्चमध्ये तो द्यायलाच विसरला होता.

"तुला दोन्ही दारं सताड उघडी!" ती दातओठ खात म्हणाली. "मत दिलं ती मूर्ख मी! आता तरी दे त्याच्याविरुद्ध."

"इन्शाल्ला," इथल्या टाळाटाळीच्या सुरात म्हणत प्रसन्नने कूस बदलली.