मंडळाची रिकामी खुर्ची

आमच्या रविवार मंडळात प्रार्थनेपेक्षा व्याख्यानाला गर्दी जास्त व्हायची, आणि त्याचं कारण उघड होतं. व्याख्यानानंतर चहा आणि पॅटिस असायचे. पुण्याच्या सिनेगॉगमागच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही जमायचो, बहुतेक सगळे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कोकणातली गावं आडनावात घेऊन कंपन्यांच्या नोकरीसाठी पिंपरी-चाकणकडे आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. कधी हाडांचे डॉक्टर यायचे, कधी पक्ष्यांचे अभ्यासक, आणि कुणीच मिळालं नाही तर आमचे अध्यक्ष हनोखकाका स्वतःच्या तरुणपणावर बोलायचे.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र कायम रिकामी असायची. सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी खुर्ची राखून ठेवायची रीत आमच्यात सगळेच पाळतात. नबी येतात, दिसत नाहीत, पण येतात, असं मानायचं. हनोखकाकांनी ती रीत व्याख्यानालाही लावली. पांढरी चादर घातलेल्या त्या खुर्चीवर बसायची कुणाची टाप नव्हती. हाडांवरचं तासाभराचं भाषण ऐकून नबी पुढच्या वेळी येतील का, असं मी एकदा म्हणाले, तर काका बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते.

मग टाळेबंदी आली आणि मंडळ झूमवर गेलं. मी सिपोरा, मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांना म्यूट करायला आणि पुन्हा बोलतं करायला शिकवण्याचं काम माझ्याच गळ्यात आलं. हनोखकाकांचं कपाळ तेवढं दिसायचं, चाकणची मोझेल स्वयंपाकघरातून बोलायची आणि वक्त्यापेक्षा तिच्या कुकरचा आवाज मोठा यायचा. घरात कोंडलेल्या माणसांना दुसरा विरंगुळा नव्हता, त्यामुळे आता दर रविवारी संध्याकाळी व्याख्यान ठेवायचं ठरलं. सगळी घडी बसल्यावर काकांनी विचारलं, "आणि खुर्चीचं काय?"

मला हसू आलं, पण माझे यजमान एलिझर उत्साहाने कामाला लागले. त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली, रिकाम्या हातांना काहीतरी हवंच होतं. रहाटणीच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्यांनी एक खुर्ची मांडली, तिच्यावर पांढरी चादर घातली, समोर लाकडी स्टँड करून त्यावर जुना फोन बसवला. त्या रविवारपासून सगळ्यांच्या चेहऱ्यांमध्ये एक चौकट रिकाम्या खुर्चीची दिसू लागली आणि तिच्याखाली नाव होतं, 'खुर्ची'. काका खूश झाले. मंडळ अखेर नीट भरलं, असं म्हणाले.

दुसऱ्या लाटेत एलिझरना ताप आला आणि श्वास लागला. खाट मिळवताना काय झालं ते मी सांगत बसत नाही, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना ठाऊक आहे. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात त्यांना आत नेलं आणि दरवाजा लागला. भेट नाही, फोन नाही. वॉर्डातली रश्मी नावाची एक नर्स सवड मिळाली तर दोन वाक्यं सांगायची. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मला त्या घरात एकटीला झोपायची सवयच नव्हती. मी फार घाबरले होते. एलिझर घरी आले की एलियाहूच्या नावाने मलिदा करीन, असा नवस बोलले, आणि रविवारी नेहमीप्रमाणे मीटिंग सुरू केली, कारण तेवढा वेळ तरी माणसं दिसायची.

त्या दिवशीचं व्याख्यान इंद्रायणीकाठच्या जुन्या घाटांवर होतं. ते संपल्यावर मोझेलचा फोन आला.

"एलिझरना घरी आणलंस, सांगायचं तरी गं."

"कुठे आणलंय? ते हॉस्पिटलात आहेत."

"मग खुर्चीत कोण बसलं होतं?"

मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. खुर्ची रिकामी होती, चादरीला साधी सुरकुतीही नव्हती. मोझेलची नजर अधू झाली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण पुढच्या रविवारी हनोखकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "बसू दे त्याला तिथे, सिपोरा. आजारी माणसाला माफ असतं." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. व्याख्यानाला आलेल्या योगिनी नावाच्या आहारतज्ज्ञ बाई, ज्यांनी एलिझरना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यासुद्धा म्हणाल्या, "त्या काकांना पाठीशी उशी द्या, अवघडून बसलेत." माझ्या पडद्यावरच्या त्या चौकटीत पांढरी चादर होती, लाकडी हात होते, आणि कुणीही नव्हतं.

मी शहाणी बाई आहे. दुसरी कुणी मला हे सांगायला आली असती तर मी तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण रश्मीचा फोन दोन-दोन दिवस लागायचा नाही, आणि मोझेलचा लगेच लागायचा. रविवारी मीटिंग संपली की मी तिला विचारायला लागले, "आज कसे दिसले?" ती सांगायची, ओठ सुकलेत. पुढे सांगितलं, मान सरळ धरलीये. मग एकदा, चेहऱ्यावर टवटवी आहे, दाढी केलेली दिसते. माझ्या जिवात जीव यायचा. जाऊन खुर्चीच्या पाठीला मी एक उशीही लावून आले. हॉस्पिटलचे आकडे मला कळत नव्हते, दाढी कळत होती.

आणि खरोखरच एलिझर बरे झाले. ॲम्ब्युलन्सने सोडलं तेव्हा ते स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची त्यांची जन्माची सवय, पण ते तसेच आत आले. कशालाही हात लावू नका, असं तिथे बजावलं असणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं. जेवण कमी झालं होतं, बोलणंही. मी जवळ बसले की हात हातात घ्यायचे, आणि तो हात उबदार होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी मलिद्याचे पोहे भिजवले, खोबरं खवलं, फळं मांडली, नवस फेडला. इतकी सुखी मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

रविवारी त्यांना लॅपटॉपसमोर माझ्या शेजारी बसवलं. खांद्याला खांदा लागत होता. एकेक चेहरा उघडला तशी मी म्हणाले, "बघा कोण आलंय."

सगळे हसले, पण त्यांच्या नजरा माझ्यावर नव्हत्या.

"छान दिसतोस, एलिझर," हनोखकाका म्हणाले. "पण आता बरा झालास तर खुर्ची सोड बाबा. बायकोजवळ जाऊन बस. ती एकटी बसलीये."

"काका, हे इथे आहेत. माझ्या शेजारी."

मोझेलने डोळे पुसले आणि तिची चौकट काळी झाली. काकांचं कपाळ जवळ आलं. "पोरी, दमली आहेस तू," ते हळूच म्हणाले. "आज व्याख्यान राहू दे." मग एकेक करत सगळे गेले आणि पडद्यावर दोनच चौकटी उरल्या, माझी आणि खुर्चीची.

माझ्या चौकटीत आता मीही पाहिलं. मी डावीकडे जरा कलून बसले होते, आणि जिच्यावर कलले होते ती जागा मोकळी होती. शेजारच्या खांद्याची ऊब मात्र माझ्या दंडाला तशीच लागत होती. खुर्चीच्या चौकटीकडे बघायचं मी टाळलं. मीटिंग संपवायचं लाल बटण माझ्या हातात होतं, सेक्रेटरी म्हणून ते नेहमी मीच दाबायची. ते दाबलं तर दोघांतले कोण जातील, आणि कोण राहतील, एवढा एकच विचार मनात होता. ज्यांच्या दाढीवर मी ते सगळे रविवार काढले ते, की ज्यांचा हात आत्ता माझ्या हातात होता ते. मला दोघंही हवे होते.

"संपव आता," एलिझर म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं, उठले, आणि मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चहा टाकू का?"