डावखुरीच्या उरलेल्या नोंदी

"हेही नापास," मापवाले म्हणाले आणि वहीत फुली मारली.

"कोण... आहे?" बायकोने विचारलं. जीभ जड झाल्यापासून दोन शब्दांनाही तिला वेळ लागायचा.

"आहे कुणी वैद्यराज. एकवीस दिवसांत नसा मोकळ्या करतो म्हणे. आणि लेख संपला की खाली डबा विकायला ठेवलाय."

"डबा... कुठल्या रंगाचा?"

"हिरवा."

"मग... नकोच," ती म्हणाली. पाय गेले, हात जात चालले, पण थट्टेची खोड काही जाईना.

मापवाले म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक, गेल्या वर्षी निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी तराजू तपासले, वजनं उलटी करून तळाचं शिसं पाहिलं, पेट्रोलपंपावर उभं राहून पाच लिटरचं माप भरून घेतलं. माप बरोबर तर शिक्का, नाहीतर जप्ती; मधलं काही नाही. बाजारात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. 'मापवाले आले' म्हटलं की भले भले दुकानदार एकदम नम्र व्हायचे. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे निरोप तुटत जातात, असं डॉक्टरांनी या आजाराबद्दल समजावलं, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे एकेक लाइन डेड होणार. कळलं." तेव्हा तिला सरळ बोलता येत होतं.

डॉक्टर सज्जन होते. औषधाने वेग जरा कमी होतो, आजार बरा होत नाही, हे त्यांनी नजर न चुकवता सांगितलं. "आणि इंटरनेटवर वाचत बसू नका," असंही बजावलं. मग करायचं काय, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. इकडे लांबच्या शहरात राहणारी लेक रोज चार-चार ब्लॉग पाठवायची. "बाबा, नुसतं बघा तरी," म्हणायची. तिला तरी दुसरं काय करता येणार होतं?

म्हणून मापवाल्यांनी वही आखली. लिहिलंय कोणी, कधी, कशाच्या आधारावर, आणि विकतोय काय. चार रकाने आणि पाचवा निकालाचा. बहुतेक ब्लॉग चौथ्या रकान्यातच गार व्हायचे. एका मोठ्या रुग्णालयाचं पान तेवढं चारही रकान्यांत चोख उतरलं. सगळं खरं, तारखेसकट. त्यात शेवटची पायरी कशी असते तेही नीट लिहिलेलं होतं. ते वाचून मापवाले दोन दिवस जेवले नाहीत. 'पास' असा शेरा मारून त्यांनी ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

एक ब्लॉग मात्र बायकोने त्यांच्या हाती लागू दिला नव्हता. "हा... तपासू नका," ती म्हणाली होती. त्याचं नाव 'डावखुरी'. लिहिणारी बाई याच आजाराची. उजवा हात आधी गेला, म्हणून डाव्याने टाइप करू लागली आणि तेच नाव घेतलं. बायको पहिल्या नोंदीपासून ओळीने वाचायची, रोज एक, त्याहून जास्त नाही. त्यातूनच घरात नव्या नव्या गोष्टी यायच्या. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, म्हणजे पकड येते. गिळताना हनुवटी खाली घ्यायची. हसू आवरेनासं झालं तर लाजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं, तेही आजारातच येतं. हनुवटीचं मापवाल्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलंच. "तुमच्या बाबतीत बरोबर आहे. कुणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाले. मापवाले चिठ्ठीची घडी घालू लागले. एका अनोळखी बाईचं नाव सांगायचं कसं?

पुढे बायकोचं बोटही उठेना. टॅबलेटवर पान सरकवायचं आणि मोठ्याने वाचायचं काम मापवाल्यांकडे आलं. आता हातात आलेली वस्तू उलटी करून पाहायची नाही, हे त्या माणसाला जमणार कसं? पहिल्याच दुपारी, ती झोपलेली बघून, त्यांनी शेवटची नोंद काढली. तारीख सव्वादोन वर्षांपूर्वीची होती.

ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. उगाचच एक भांडं घासलं. मग ब्लॉगवर दिलेल्या पत्त्यावर त्यांनी मेल लिहिला. एकच भाषा येत होती त्यांना. 'महोदया, आपल्या ब्लॉगवरील शेवटच्या नोंदीनंतर नवीन नोंद आढळून आली नाही. तरी याबाबत खुलासा व्हावा, ही विनंती.'

चार दिवसांनी खुलासा आला. 'मी तिचा भाऊ. ताई गेली. पानं तशीच ठेवली आहेत, कारण रोज कुणी ना कुणी येतं. तुमच्याकडे कोणाला आहे?' मापवाल्यांनी 'पत्नीस' असं टाइप केलं, ते खोडलं, 'बायकोला' लिहिलं. तेवढंच पाठवून दिलं.

नोंदी उरल्या होत्या एकतीस. आणि मग मापवाल्यांनी ते केलं, ज्यासाठी त्यांनी आयुष्यभर लोकांचे तराजू उचलून नेले. ते अर्धीच नोंद वाचू लागले. मध्येच एखादं बरं वाक्य गाठायचं, आवाज खाली आणायचा आणि "झालं" म्हणायचं. उरलेलं उद्या. वर तारखेची ओळ गाळायची, ती वेगळीच. मापात पाप म्हणतात ते याहून निराळं काय असतं?

"हल्ली... बाई... कमी लिहिते," बायको एकदा म्हणाली.

"दमत असेल," मापवाले म्हणाले. कान गरम झाले होते त्यांचे.

एकतीसच्या साठ झाल्या. पण आजार काही अर्ध्या मापाने चालत नव्हता. मान धरेना म्हणून उशा आल्या. घास बंद होऊन पोटात नळी आली. एके दिवशी मापवाले मनातल्या मनात हिशेब करत होते, नोंदी अजून इतक्या दुपारी पुरतील, ही इतकी अशक्त झालीय, म्हणजे तोवर... आणि तिथे त्यांना एकदम कळलं की आपण कसला हिशेब करतोय. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती. त्या दिवशी त्यांनी नोंद पूर्ण वाचली.

शेवटची नोंद तीन ओळींची होती. तिचे दोन भाग करणार कसे? 'आज पडदे धुतले. खोली उजळ दिसते. बाकी उद्या, आज दमले.' त्यांनी ती जशीच्या तशी वाचली. बायकोने डोळे मिटले. त्यांनी टॅबलेट ठेवला आणि तिची बोटं नुसती चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने नेहमीसारखी टॅबलेटकडे नजर वळवली. मापवाल्यांनी तो उचलला, चष्मा लावला, घसा साफ केला.

"आज सकाळी प्रकृती समाधानकारक आढळून आली," त्यांनी वाचलं. "पडदे योग्य त्या ठिकाणी परत लावण्यात आले. हवामान... हवामान सर्वसाधारण."

पलंगावरून घुं घुं असा आवाज आला. ते दचकून उठले. बायको हसत होती. हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी रुमालाने तिचे डोळे पुसले, तोंड पुसलं, मान सरळ केली. बऱ्याच वेळाने तिला शब्द जुळवता आले.

"अहो... बाई... सरकारी नोकरीत... लागली का?"

मापवाले खाली बसले. चष्मा काढून हातात धरला.

"पुढे काही नाहीये गं," ते म्हणाले. "पुढे नाहीच."

"माहितीय." ती दम खायला थांबली. "पहिल्या दिवसा... पासून. तारीख... मलाही... बघता येते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने पुन्हा टॅबलेटकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"वाचा," ती म्हणाली.

मापवाल्यांनी टॅबलेट पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"आज नवऱ्याने केस विंचरले," ते सावकाश म्हणाले. "भांग वाकडा पडला. मी काही बोलले नाही. लेकीचा फोन आला होता, ती रडली. नवऱ्याने तिला सांगितलं, सगळं ठीक आहे. तो असंच सांगतो सगळ्यांना." ते थांबले. बायकोची नजर त्यांच्यावरून हलली नव्हती. "त्याला फार भीती वाटते. दुपारी मी झोपले की तो श्वास मोजत बसतो. त्याला वाटतं, मला कळत नाही."

टॅबलेटच्या काचेवरचा उजेड केव्हाच आपोआप मालवला होता. मापवाल्यांनी तो पुन्हा लावला नाही. बायको पुढच्या ओळीची वाट बघत होती.